गंज कुणाच्या हाताचा

कुसुमताई गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. आप्पा, माझे सासरे, पडवीत खुर्ची टाकून दाढी करत होते. फोन विलासच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मोबाईलवर आला. पलीकडून ताईंचा नवरा बोलत होता. "गेली ती पहाटं," एवढंच म्हणाला आणि मग माती किती वाजता, गाडी कुठपर्यंत येते, हे समजावत बसला. विलासनं बाहेर जाऊन आप्पांना सांगितलं. आप्पांनी ब्रश पाण्यात बुडवला, राहिलेल्या गालाला फेस लावला आणि विचारलं, "माती कवा हाय?" दुपारी दोनला, असं कळल्यावर म्हणाले, "मग तुमी दोघं निघा. मला शुगर हाय, घाटाच्या वळनानं जमायचं न्हाई." आणि दाढी पुरी केली. मेली ती त्यांची एकुलती एक लेक होती. वय पन्नासही नव्हतं. कावीळ झाली होती, पंधरा दिवस अंगावर काढली होती, आणि शेवटच्या चार दिवसांत नवऱ्याला दवाखान्यात न्यायला सवड झाली नाही, कारण सलग सुट्ट्या आल्या होत्या आणि धरणाकाठचे त्याचे सगळे तंबू पर्यटकांनी भरलेले होते.

ह्या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. नातेवाइकांच्या ग्रुपवर ताईंचा एक जुना फोटो फिरला, खाली 'मनमिळाऊ', 'सोशिक', 'अबोल' असं लिहिलेलं. वाचून मला हसू आलं. कुसुमताई अबोल नव्हत्या आणि सोशिक तर मुळीच नव्हत्या. सोसायचं नव्हतं म्हणूनच त्या नवऱ्याचं घर सोडून बेलापूरला माहेरी येऊन राहिल्या होत्या. माझं लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हा त्यांना येऊन तीन वर्षं झाली होती. डाव्या कानानं त्यांना ऐकू येत नसे. नवऱ्याच्या थपडेनं पडदा फाटला होता. कुणी त्या बाजूनं बोललं की त्या सरळ सांगत, "हिकडनं बोल. तो कान सासरी ऱ्हायलाय." नवरा भंडारदऱ्याकडचा, आणि कायम प्यायलेला. त्याचा विषय निघाला की म्हणत, "आमचं धरन बारा म्हैने भरल्यालं." सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या, त्यामुळे घरात आम्ही चौघंच. आप्पा, विलास, ताई आणि मी. ताई खालच्या खोलीत गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवत. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला हातशिलाई करायला दिली. चार दिवसांनी सुई परत घेतली, उजेडात धरली, तर ती तपकिरी पडलेली. "तुझ्या हातात लोखंड टिकत न्हाई गं मनीषा," म्हणून त्या पोट धरून हसल्या होत्या. माझ्या तळहातांना लहानपणापासून घाम येतो. दहावीचे पेपर मी हाताखाली रुमाल ठेवून लिहिले आहेत.

आप्पांचं श्रीरामपूरला आडतीचं दुकान होतं. बाजारातून रोकड घेऊन यावं लागतं म्हणून त्यांनी रिव्हॉल्व्हरचा परवाना काढला होता. पण मला वाटतं, रोकड हे निमित्त होतं. चारचौघांत शर्ट जरा वर करून कमरेचं कव्हर दिसू द्यायचं, ह्यातच त्यांना खरा रस होता. रिव्हॉल्व्हर स्टेनलेस स्टीलचं होतं. "ह्याला गंज चढत न्हाई, आपल्यासारखं हाय," असं ते पाहुण्यांना सांगत. घरी असलं की ते चामड्याच्या कव्हरात, त्यांच्या खोलीतल्या कपाटात असायचं. काडतुसं वेगळ्या पेटीत, त्या पेटीची किल्ली त्यांच्या कमरेच्या करदोट्याला. कपाटाची किल्ली मात्र गादीखाली असे, आणि ती गादी रोज मीच झाडायचे.

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. दुपारी आप्पा दुकानात गेले की आठवड्यातून दोन-तीनदा मी ते रिव्हॉल्व्हर काढून हातात धरत असे. मला कुणाला मारायचं नव्हतं. बी.एड. करून आले होते, श्रीरामपूरच्या एका शाळेत नोकरी मिळत होती, आणि आप्पांनी "आमच्यात सुना बाहेर जात न्हाईत" एवढ्या एका वाक्यात ती संपवली होती. विलास मान खाली घालून जेवत राहिला होता. त्या घरात माझ्या शब्दाला वजन नव्हतं. त्या वस्तूला होतं. मी पलंगाच्या कडेवर बसून ती मूठ आवळून धरायची... पाच मिनिटं, दहा मिनिटं. समोर भिंतीवर आप्पांच्या सत्काराचा फोटो होता. त्याच्याकडे मी नळीचं तोंड केलं होतं. एकदाच नाही. मग पदरानं पुसून सगळं जागच्या जागी.

लग्नानंतरच्या तिसऱ्या दसऱ्याला हे फुटलं. खंडेनवमीला पाटावर कोयता, कुदळ, वजनकाटा, ताईंची कात्री मांडली होती, झेंडूची फुलं वाहिली होती. भाऊबंद जमले होते. आप्पांनी कव्हराचं बटण काढून रिव्हॉल्व्हर बाहेर ओढलं आणि सगळ्यांच्या देखत तसंच धरून राहिले. मुठीच्या वर, चक्रावर आणि नळीच्या बुडाशी तपकिरी ठिपके, गोवर उठावा तसे. चुलतभावांपैकी एक जण म्हणाला, "आप्पा, तुमच्या स्टेनलेसला बी गंज?" आणि सगळे हसले. आप्पाही हसले. पण त्यांचा कान लाल झालेला मी पाहिला. पाहुणे गेल्यावर त्यांनी ओट्यावरची तारेची घासणी उचलली आणि रिव्हॉल्व्हर घासघासून पुन्हा चकचकीत केलं. दिवाळी संपेपर्यंत ठिपके परत आले, आधीच्या दुप्पट.

मग ते विलासला घेऊन नगरला गेले. तिथं बाबूभाई म्हणून बंदुका दुरुस्त करणारे एक म्हातारे कारागीर होते, तीन पिढ्यांचं दुकान. संध्याकाळी परत आले ते रिव्हॉल्व्हर स्वच्छ करूनच, पण आप्पांचा चेहरा वेगळा होता. ताईंना आणि मला समोर बोलावून म्हणाले, "बाबूभाई म्हनला, काही मान्सांच्या हाताचा घाम खारट असतो. स्टेनलेसला बी खातो. माझा हात तर कोरडा ठक्क. मंग माझ्या हत्याराला हात लावतंय कोन?" विलास दारात उभा होता. तो काहीच बोलला नाही. "न्हाई सांगायचं? बरं. लोखंडच सांगंल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवे कोरे खिळे आणले, पेट्रोलनं पुसले, आणि आम्हा चौघांच्या मुठीत दोन-दोन दिले. चौघांच्या म्हणजे स्वतःच्याही. "न्याव म्हंजे न्याव," म्हणाले. घड्याळ बघून अर्धा तास आम्ही जेवणाच्या टेबलाभोवती मुठी मिटून बसलो. मला आठवतं, ताईंनी मध्येच विचारलं, "खाज सुटली तर खाजवायचं कुनी?" आणि विलास हसला, आणि आप्पांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग प्रत्येकाचे खिळे वेगवेगळ्या कागदात बांधून वर नावं लिहिली आणि चारही पुड्या माठाच्या तिवईखाली, ओलसर जागेत ठेवल्या. आठ दिवस. त्या आठ दिवसांत मी पाणी प्यायला गेले की पुडीवरचं माझं नाव बघून यायची.

पाचव्या दिवशी दुपारी घरात कुणी नाही असं बघून मी पुड्या उघडल्या. माझे खिळे तांबडे झाले होते, कागदाला पूड लागलेली. ताईंचे दोन्ही खिळे दुकानातून आणल्यासारखे लखलखीत. मी त्यांची अदलाबदल केली आणि पुड्या जमतील तशा बांधून ठेवल्या. ताईच का? विलासचे का नाही? नेमकं हेच मी तेव्हा फार थंडपणे ठरवलं होतं. विलासवर आळ आला असता तर त्यानं मार खाल्ला असता, मग घरभर चौकशी झाली असती. आणि ताई आप्पांची सख्खी लेक. सख्ख्या लेकीला बाप काय करणार, दोन शिव्या देईल. असं मी स्वतःला सांगितलं. त्या मला तीन वर्षं जेवायला वाढत होत्या, आजारपणात माझं डोकं चेपत होत्या, हे मला तेव्हा आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि तरी मी गाठ मारली.

रविवारी दुपारची जेवणं झाल्यावर आप्पांनी पुड्या टेबलावर सोडल्या. त्यांची, मग विलासची: एखाद-दुसरा बारीक डाग. माझी: स्वच्छ. ताईंची सोडली आणि टेबलक्लॉथवर तांबडी पूड सांडली. "हे काय गं कुसुम?" ताईंनी एक खिळा उचलला, उलटासुलटा केला आणि माझ्याकडे पाहिलं. खिळ्याकडे नाही, बापाकडे नाही. दोन्ही हात मी मांडीखाली दाबून धरले होते. त्यांनी एक शब्द बोलायचा अवकाश होता... सुईची गोष्ट त्या घरात त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती. त्या म्हणाल्या, "व्हय. मीच धरायचे."

आप्पांनी हात उचलला नाही. आवाजही चढवला नाही. हात धुतले, नॅपकिनला पुसले, मोबाईल घेतला आणि ताईंसमोरच त्यांच्या नवऱ्याला फोन लावला. "पाव्हनं, तुमची ठेव घेऊन जावा. घरात हत्यार हाय, असल्या बाईला मी संभाळू शकत न्हाई." ताई आधी समजल्याच नाहीत, डाव्या बाजूनं बोलत होते ते. समजल्या तेव्हा त्या खुर्चीतून उठून बापाच्या पायाशी बसल्या. "आप्पा, मला मारा. काय बी करा. तिकडं नका धाडू." आप्पा पलीकडच्या माणसाला गाडीचा रस्ता सांगत होते.

तिसऱ्या दिवशी तो जीप घेऊन आला. आला तो शुद्धीत होता, पांढरा शर्ट, कपाळाला गंध, आप्पांच्या पाया पडला. शिलाई मशीन नेऊ द्या, असं ताई म्हणाल्या तर आप्पा म्हणाले, "मशीन हितंच ऱ्हाऊ दे. ती माझी हाय." दोन पिशव्या घेऊन त्या दारापर्यंत आल्या, मला वाटलं तशाच निघून जातील. पण त्या थांबल्या, सगळ्यांच्या देखत माझा उजवा हात धरला, तळवा उघडला आणि स्वतःच्या पदरानं तो कोरडा करून पुसला. "हात पुसत जा गं," एवढंच बोलल्या. बघणाऱ्यांना ती माया वाटली. शेजारच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

त्यानंतर मी त्या कपाटाला कधी हात लावला नाही. गादी झाडताना किल्ली बाजूला सरकवायची आणि पुन्हा ठेवायची. दोन वर्षांनी निवडणूक लागली, आचारसंहितेत परवानाधारकांची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करतात तसं आप्पांचंही जमा झालं. अडीच महिन्यांनी सुटून आलं तेव्हा चक्र फिरेना इतकं गंजलेलं होतं. मला तेव्हा सातवा महिना होता, नगरला डॉक्टरकडे जायचंच होतं, म्हणून तिघं एका गाडीतून गेलो आणि मी बाबूभाईंच्या दुकानात बाकावर बसून राहिले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, रिव्हॉल्व्हर खिडकीच्या उजेडात धरलं. "हे कुणाच्या हातात होतं?" "कुनाच्याच न्हाई. ठाण्यात जमा हुतं." "ह्या कव्हरातच?" "कव्हरातच."

"मग घ्या," बाबूभाई म्हणाले. "हे चामड्याचं काम आहे, आप्पासाहेब. चामडं हवेतलं पाणी धरून बसतं, आणि कमावताना त्यात मीठ-मसाला जातो तो वेगळाच. कंबरेला लावायला कव्हर ठीक, ठेवायला नाही. मागच्या खेपेलाच मी सांगितलं होतं ना, सुती कापडात ठेवा, महिन्याला तेलाचा हात फिरवा? आणि तारेच्या घासणीनं घासू नका म्हणून? त्या तारेचे कण अंगात बसतात आणि मग तेच गंजतात. हाताच्या घामाचं मी शेवटी बोललो होतो, तेसुद्धा असलाच तर म्हणून." मग त्यांनी तेल सोडलं, पितळेचा मऊ ब्रश घेतला आणि लहान मुलाला न्हाऊ घालावं तसं हलक्या हातानं गंज काढू लागले. "स्टेनलेस म्हणजे डाग पडतच नाही असं नसतं साहेब. उशिरा पडतो एवढंच."

मी विलासकडे पाहिलं. त्या पहिल्या खेपेला तो इथंच, ह्याच बाकावर बसला होता. त्यानं चामड्याचंही ऐकलं होतं आणि तारेचंही. तो दुकानातल्या कॅलेंडरकडे बघत होता. परतताना राहुरीच्या पुढे आप्पा म्हणाले, "थांबीव, रस पिऊ." रसाचे ग्लास हातात आल्यावर मी धीर करून विचारलं, "आप्पा, मग ताईंना आणायचं का परत?" त्यांनी ग्लास संपवला, मिशा पुसल्या. "गंज गेला ना? मंग झालं." खिळ्यांचं खरं मी तेव्हाही बोलले नाही. पोटात बाळ आहे, आता कशाला, असं एक नवीन कारण मला मिळालं होतं.

ताईंना मी त्यानंतर एकदाच भेटले, दोन वर्षांपूर्वी. मुलीला धरण दाखवायला म्हणून आम्ही भंडारदऱ्याला गेलो होतो. नवऱ्यानं तंबूंच्या शेजारी पत्र्याची खानावळ टाकली होती आणि ताई तिथं चुलीपुढे होत्या. समोरचे दोन दात नव्हते. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. विलास मुलीला घेऊन पाण्याकडे गेला तेव्हा मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले आणि म्हणाले, "ताई, ते खिळे मी बदलले होते." त्या भाकरी थापत राहिल्या. "मला ठावं न्हाई व्हय?" "मग तुम्ही बोलला का नाहीत?" "तू गेली असतीस तर विलास बी गेला असता, मंग त्या घरात मी आन् आप्पा, दोघंच. ते मला नको हुतं. तुझ्यासाठी गप न्हाई बसले मी. मला वाटलं, दोन थोबाडीत मारतील आन् इसरतील." भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. "आन् खोटं बी न्हवतं त्ये. मी बी धरायचे. तुझ्या आदीपास्नं. माझ्या हाताचा डाग पडत न्हाई, एवढंच." मी रडायला लागले तर म्हणाल्या, "हितं रडू नको. गिऱ्हाईक हाय." निघताना मी त्यांना चला म्हणाले नाही. माझ्या तोंडाशी आलं होतं. गाडीत जागाही होती.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी आप्पांसमोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. रिव्हॉल्व्हर मी धरायची, खिळे मी बदलले, ताईंचा काही दोष नव्हता. मला काय हवं होतं कोण जाणे. त्यांनी मला मारावं, घराबाहेर काढावं, निदान खाली बसून एकदा लेकीच्या नावानं रडावं. आप्पांनी पाय पसरले. "पुड्या कुनी बांदल्या हुत्या? मी. उभी हयात धान्याच्या नमुन्याच्या पुड्या बांदन्यात गेली. माझी घडी मला वळखू येत न्हाई व्हय? सोडायच्या आदीच कळालं, कुनीतरी उघडल्यात. आन् तुझं त्वांड बघून बाकीचं कळालं."

"मग ताईंना का घालवलंत?"

"तुला घालीवली असती तर विलास तुझ्यामागं गेला असता. आन् ती माझ्या माघारी तलाठ्याकडं गेल्ती, सातबाऱ्याव नाव लावायला काय लागतं म्हून इचारायला. तिला कुठं ना कुठं घालवायचीच हुती. तू कारन दिलंस, मी घेतलं." मग माझ्याकडे न बघता, "आता रडून काय करती? च्या टाक."

मी चहा टाकला. हेही लिहायलाच हवं. उठले, चहा टाकला, बिनसाखरेचा, आणि कपबशी नेऊन त्यांच्या हातात दिली.

मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडल्यापासून आप्पांना बारीक अक्षर दिसत नाही. गेली दोन वर्षं दर रविवारी सकाळी त्यांना वर्तमानपत्र आणि पुरवणी मी वाचून दाखवते. "आदी मेलेल्यांचं वाच," असं ते म्हणतात, आणि कुणी कुणाविषयी चार चांगले शब्द लिहिलेले असले की मान हलवत ऐकतात, मध्येच "खोटं हाय, मी वळखत हुतो त्याला" असा शेरा मारतात. मग पुढचं वाचायला सांगतात. ताईंविषयीचा हा लेख ह्या रविवारी छापून येईल, असं पुरवणीच्या संपादकांनी मला कळवलं आहे. विलासला मी काही बोललेले नाही. रविवारी नेहमीप्रमाणे आप्पांना पडवीत बसवीन, स्टूल घेऊन शेजारी बसेन आणि मथळ्यापासून सुरू करीन. त्यांचं नाव आलं तरी थांबणार नाही, माझं आलं तरी नाही. ते "पुरे" म्हणतील. तरीही मी ह्या ओळीपर्यंत वाचणार आहे.